मुंब्र्याची पहाटेची लोकल

फज्रची नमाज आटोपून आम्ही मुंब्रा स्थानकावर येतो, तेव्हा फलाट भरलेला असतो. शिलाई कामगार, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया. सर्वांच्या हाती डबा आणि मनात एकच धास्ती : उशीर झाला तर मजुरी कापली जाईल. लोकल दिव्याकडूनच भरून येते. तरणी मुले दारात लटकतात. 9 जून 2025 रोजी इथल्याच वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना प्रवासी खाली पडले. काहीजण घरी परतलेच नाहीत. साध्या लोकलचे किमान भाडे 5 रुपये, बंद दाराच्या एसी लोकलचे 35. मजुराला ते रोज कसे परवडावे? म्हणून घरातून निघताना लेकराला एवढे जरूर सांगा : मजुरी कापली तर कापू दे, पण भरलेली गाडी सोड, बेटा. रोजी देणारा अल्लाह आहे.