नोंदवहीतली माणसं

रोमा लोकांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे ते मूळचे आपलेच ना?’ या विचारण्यात माया असते आणि ती खोटी नसते. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे निघाले, हे त्यांच्या बोलीवरूनच कळतं. १९७१ साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली आणि निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चाक आलं. २०१६ मध्ये दिल्लीतल्या परिषदेत सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरं म्हटलं, तेव्हा मलाही भरून आलं होतं.

तरीही हे नातं मी जपून वापरते. चेक प्रजासत्ताकातल्या एका कडव्या राष्ट्रवादी पक्षाने २००९ साली रोमांना भारतात नेऊन वसवण्याची योजना मांडली होती. म्हणजे ज्या नात्याने आपला गळा दाटून येतो, त्याच नात्यावर बोट ठेवून कुणी त्यांना घराबाहेर काढू पाहतं. चेक भूमीत, म्हणजे बोहेमिया आणि मोराव्हियात, रोमा पंधराव्या शतकापासून आहेत. त्यांचा हक्क त्या मातीवरचा आहे. त्यासाठी गंगा-यमुनेची साक्ष काढायची गरज नाही.

त्या मातीत त्यांच्यावर काय गुदरलं, ते सरकारी कागदांतून वाचत गेलं की जीव गुदमरतो. १९२७ साली, मासारिक राष्ट्राध्यक्ष असताना, चेकोस्लोव्हाकियाने ‘भटक्या जिप्सीं’साठी वेगळा कायदा केला. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला खास ओळखपत्र दिलं गेलं आणि बोटांचे ठसे घेतले गेले. आपल्याकडच्या विमुक्तांच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण, रोजची हजेरी या गोष्टी १९५२ साली कागदावरून गेल्या. पोलिसांच्या नजरेतून अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. चेकोस्लोव्हाकियातला कायदा मात्र एका लोकशाही सरकारने केला होता, आणि त्यातून तयार झालेल्या याद्या पुढे नाझींच्या आयत्या हाती लागल्या.

२ ऑगस्ट १९४२ रोजी बोहेमिया-मोराव्हियातल्या सगळ्या ‘जिप्सीं’ची नोंदणी झाली. त्याच दिवशी लेटी गावाजवळची छावणी त्यांच्यासाठी ठरवण्यात आली. तिथे सुमारे १३०० माणसं कोंडली गेली. पहाऱ्यावर चेक शिपाई होते. तीनशेहून अधिक जण तिथेच मेले, त्यात लहान मुलांची संख्या फार मोठी होती. पाचशेहून अधिक जणांना ऑशविट्झला पाठवलं गेलं. बोहेमिया-मोराव्हियातल्या मूळच्या रोमांपैकी युद्धानंतर छळछावण्यांतून परतले ते जेमतेम सहाशेच्या आसपास.

आणि मग १९७० च्या दशकात त्या छावणीच्या जागी डुकरांचा कारखाना उभा राहिला. हजारो जनावरं होती. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव हावेल यांनी जवळच स्मारकाचं अनावरण केलं, तेव्हाही कारखाना चालूच होता. २००५ मध्ये युरोपीय संसदेने तो हटवा म्हणून ठराव केला. पुढे बारा वर्षांनी सरकारने तो विकत घेण्याचा निर्णय घेतला. चेनेक रुझिच्का या माणसाने यासाठी अर्धं आयुष्य वेचलं. त्यांची आई लेटीत कैदेत होती. २०२२ च्या उन्हाळ्यात पाडकामाला सुरुवात झालेली त्यांनी पाहिली. त्याच डिसेंबरात ते गेले, आणि स्मारक खुलं झालं २०२४ मध्ये. आपल्या माणसांच्या मातीवर डुकरं नकोत, एवढं साधं मागणं मान्य व्हायला एका माणसाचं आयुष्य पुरलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

हे सगळं जुनं झालं असं म्हणावं, तर ऑस्ट्राव्हा शहरातल्या अठरा मुलांचा खटला आठवतो. तिथे रोमा मुलाला मतिमंदांसाठीच्या शाळेत घातलं जाण्याची शक्यता इतर मुलांच्या सत्तावीस पट होती. सरकारचं म्हणणं, पालकांची संमती होती. संमती म्हणजे काय, तर आधीच छापून ठेवलेला फॉर्म आणि त्याखाली सही. त्या शाळेत काय शिकवतात, दुसरा कोणता पर्याय आहे, याचा त्यावर एक शब्द नव्हता. १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. वांशिक भेदभावापासून संरक्षणाचा हक्क कुणालाही सही करून सोडून देता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. मला त्या निकालातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण अशीच सही दवाखान्यांतही घेतली गेली होती. कितीतरी रोमा बायकांकडून बाळंतपणाच्या कळांमध्ये कागदावर सही घेतली आणि त्यांचं मूल न होण्याचं ऑपरेशन करून टाकलं. काहींना ते कळलं फार उशिरा. २०२१ साली भरपाईचा कायदा झाला, तीन लाख क्राउन. पण अर्जासोबत पुरावा हवा, आणि अनेकींचे केसपेपर दवाखान्यांनी केव्हाच नष्ट केलेले. जो कागद त्यांच्या विरुद्ध वापरला, तो त्यांच्या बाजूने लागायची वेळ आली तेव्हा सापडेना.

म्हणून २०२१ च्या चेक जनगणनेत स्वतःला रोमा म्हणवणारे फक्त सुमारे २१ हजार निघाले, याचं मला नवल वाटत नाही. प्रत्यक्षात ते अडीच लाखांच्या घरात असावेत असा अंदाज आहे. जनगणनेचा रकाना कोरा ठेवणाऱ्या घरात १९२७ च्या ठशांची आठवण कुणी मुद्दाम जपत असेल असं नाही. पण भीती शिकवावी लागत नाही. आणि रकाना कोरा ठेवणं हा त्यांचा हक्कही आहे : राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या युरोपीय करारात तिसरंच कलम असं आहे, की आपल्याला अल्पसंख्याक मानावं की मानू नये, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

शिक्षण खात्याला मात्र आकडे लागतात. ऑस्ट्राव्हाच्या निकालाचं पालन होतंय की नाही, हे आकड्यांशिवाय कसं कळणार? ही अडचण खरी आहे. त्यावर काढलेली वाट अशी, की शाळेत रोमा मुलं किती, याचा अंदाज मुख्याध्यापकांनीच बांधून कळवायचा. नावं घेत नाहीत. पण मुलाला किंवा त्याच्या आईला कुणी विचारतही नाही.