शपथ, सत्कार आणि चार्ज

सरकारी कारभार म्हणजे कागद, सही आणि शिक्का, असा आपला समज असतो. पण राज्यघटना वाचली तर तिथेही एक विधी दिसतो. निवडून आलेल्या खासदाराला सभागृहात आपली जागा घेण्यापूर्वी शपथ घ्यावी लागते. शपथ न घेताच तो बसला किंवा त्याने मतदान केले, तर अनुच्छेद १०४ नुसार दर दिवसाला ५०० रुपये दंड आहे.

हे आपल्याला निकाहवरून चटकन समजेल. इजाब-कबूल आणि गवाह नसतील तर निकाह होत नाही. हॉल आणि बिर्याणी नसली तरी होतो. शपथ म्हणजे कारभाराचा इजाब-कबूल. लोकांसमोर जबाबदारी कबूल करणे. हार, शाल, नारळ हा मांडवाचा भाग झाला.

आमच्या शिक्षकी पेशात मात्र मांडवच मोठा होत चालला आहे. मुख्याध्यापक बदलले की सत्काराला दोन तास, आणि चार्ज देणे-घेणे दहा मिनिटांत. जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक, चाव्या यांच्या यादीवर न मोजताच सह्या होतात. पुढे एखादी वस्तू सापडली नाही, की सगळे एकमेकांकडे बघतात.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. कार्यालयात पूजा असते तेव्हा मी अदबीने उभा राहतो, आरतीचे ताट मात्र पुढे देतो. बहुतेक सहकारी हे समजून घेतात. काहींना तो अपमान वाटतो. केरळमध्ये १९८५ साली तीन मुलांना शाळेतून काढले होते. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितले. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही 'ईश्वरसाक्ष शपथ' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' असे दोन पर्याय आहेत. विधी सर्वांना बंधनकारक, श्रद्धा ज्याची त्याची.

म्हणून सोहळे बंद करा, असे मी म्हणणार नाही. परिपाठात सगळी मुले एका सुरात संविधानाची उद्देशिका म्हणतात, तेव्हा शाळा एक होते. तिथे कुणाला बाजूला उभे राहावे लागत नाही. तसाच एक साधा विधी चार्जच्या दिवशीही व्हावा. शाळा व्यवस्थापन समिती आणि शिक्षकांसमोर यादी मोठ्याने वाचावी, वस्तू मोजाव्यात आणि नव्या मुख्याध्यापकांनी म्हणावे, "मला कबूल आहे." शाल त्यानंतर द्यावी.