शेऱ्याचा रकाना

सीप्झच्या गेटवर सीडीची चौकशी व्हायची. अंधेरी पूर्वेचं हे निर्यात क्षेत्र १९७३ सालचं. इथे इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे दागिने घडले, आणि सॉफ्टवेअर त्यांच्याच शेजारी, एसडीएफ नावाच्या इमारतींत वाढलं. नियम मालाचे होते, त्यामुळे सीडीही माल. वेबलॉजिक या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरची ट्रायल सीडी कागदी पाकिटातून यायची. सोबतची लायसन्स फाइल ठरावीक दिवसांनी संपणारी, म्हणून तेवढ्या दिवसांत सर्व्हर चालवून, लोड टाकून, पाडून बघायचा. आता डाउनलोड होतं आणि मुदतही क्वचितच असते. मुदत गेली तशी ती घाईची, मन लावून केलेली तपासणीही गेली.

व्हिज्युअलएज फॉर जावा. यात फाइल म्हणून काही दिसायचंच नाही. लिहिलेली प्रत्येक मेथड थेट रेपॉझिटरीत जायची आणि तिच्या मागच्या सगळ्या आवृत्त्या हाताशी असायच्या. आयबीएमनं नोव्हेंबर २००१ मध्ये एक्लिप्स खुलं केलं आणि व्हिज्युअलएज मागे पडलं.

जेबिल्डर. व्हिज्युअल कॅफे. रॅशनल रोज, आणि तिच्यातून छापून भिंतीला लावलेल्या क्लास डायग्राम.

व्हिज्युअल सोर्ससेफमधली लाल खूण. फाइल दुसऱ्यानं चेकआऊट केली की नावापुढे ती खूण दिसायची आणि खुर्चीतून उठून आवाज द्यावा लागायचा, ‘अरे, लॉगिनची जेएसपी सोड ना!’ तो जेवायला गेलेला असेल तर वाट बघायची. गिटमध्ये कुणी कुणाची वाट बघत नाही, आणि ते बरंच आहे. पण एकाच फाइलला हात लावणारी दोन माणसं त्या निमित्तानं आधी बोलायची. आज ती मर्ज कॉन्फ्लिक्ट आल्यावर बोलतात.

ईजेबी २ चा एंटिटी बीन. ग्राहकाची एक नोंद टेबलातून वाचायची तर होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा क्लास, डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टरची एक्सएमएल, आणि सर्व्हर ज्याचा त्याची आणखी एक एक्सएमएल. क्लासमध्ये ईजेबीॲक्टिव्हेट, ईजेबीपॅसिव्हेट अशा मेथड. महिरपी कंस उघडायचा, आत काही न लिहिता बंद करायचा. त्या वगळायची सोय नव्हती.

ईजेबीला आज सगळे नावं ठेवतात, ते मला पटत नाही. बँकेच्या कामात एका खात्यातून रक्कम वजा आणि दुसऱ्यात जमा, या दोन्ही गोष्टी एकत्र पक्क्या व्हाव्यात किंवा दोन्ही रद्द व्हाव्यात, ही हमी हवी असते. ईजेबीत ती एक्सएमएलमध्ये ‘रिक्वायर्ड’ एवढा शब्द लिहून मिळायची; कमिट आणि रोलबॅक सर्व्हर बघायचा. निवडीमागे हे कारण होतं आणि ते खरं होतं. रॉड जॉन्सननं २००२ च्या पुस्तकात दाखवलं की एवढा डोलारा न उभारताही हे साधतं. त्यातून स्प्रिंग उभं राहिलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. २००६ च्या ईजेबी ३ नं होम इंटरफेसची सक्ती स्वतःच काढून टाकली. स्प्रिंगमध्ये आज मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ लिहिणाऱ्या मुलीला त्यामागचा ‘रिक्वायर्ड’ कुठून आला ते ठाऊक नसतं. तिला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

तुलनेचा तक्ता. हा गेला याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

एक्सेलची शीट. डावीकडे निकष: लायसन्सची किंमत, सपोर्ट, क्लस्टरिंग, सोलारिसवर चालतं का, ओरॅकलच्या ड्रायव्हरशी पटतं का. वर नावं: वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेरन. प्रत्येक निकषाला वेटेज, प्रत्येक घरात गुण, खाली बेरीज. शेवटच्या उभ्या रकान्याला ‘शेरा’ म्हणायचे. गुण पुष्कळदा आधी ठरलेल्या उत्तराकडे झुकवले जायचे, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असायचं. पण शेऱ्यात खरं उतरायचं. ‘क्लायंटकडे आधीच वेबस्फिअर आहे.’ ‘जेबॉसला फोनवर कोण उत्तर देणार?’ ‘स्ट्रट्सची माणसं मिळतात, टॅपेस्ट्रीची मिळत नाहीत.’

हा तिसरा शेरा उपनगरांचा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर पडलं की कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या दिसायच्या; ॲपटेकचं मुख्यालयच मरोळच्या एमआयडीसीत. क्लास जे शिकवायचे ते मुलांना यायचं. मुलांना जे यायचं ते वॉक-इन मुलाखतीला हजर व्हायचं, आणि जे हजर व्हायचं ते प्रकल्पात घेतलं जायचं. मग क्लासवाले पुन्हा तेच शिकवायचे, कारण प्रकल्पांत तेच मागतात. स्ट्रट्स १ इथे एवढं पसरलं त्यात त्याच्या गुणांइतकाच या चक्राचा हात होता. अपाचेनं २०१३ मध्ये त्याचा सांभाळ थांबवला. तरी एखाद्या जुन्या पोर्टलवर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट डू’ दिसलं की ओळखावं, आत अजून स्ट्रट्सचा वारसा आहे.

३४० नंबरची बस. घाटकोपर ते अंधेरी. साकीनाक्याला अडकायची तेव्हा हायबरनेट घ्यावं की जेडीबीसी हातानं लिहावं, हा वाद पुरा व्हायचा. जून २०१४ मध्ये मेट्रो आली.

शीटमधले वेगवेगळे मालक. हे सीप्झच्याच गोष्टीतून बघावं. सिटीकॉर्पनं १९८५ मध्ये इथे सॉफ्टवेअर कंपनी काढली. १९९२ मध्ये तिच्यातून सिटिल वेगळी झाली, तीच पुढे आय-फ्लेक्स. तिचं फ्लेक्सक्यूब जगभरच्या बँकांत गेलं. ओरॅकलनं २००५ मध्ये आय-फ्लेक्समधला सिटीचा वाटा घेतला, २००८ मध्ये वेबलॉजिकसह बीईए घेतली, आणि जानेवारी २०१० मध्ये सन, म्हणजे जावाच. डेटाबेस, ॲप्लिकेशन सर्व्हर, भाषा आणि वर चालणारं बँकेचं पॅकेज या चार रकान्यांत एकच नाव लिहिता येऊ लागलं. एका दाराशी नकार मिळाला तर दुसऱ्या दाराशी जाता यायचं, ती सोय आक्रसली. जानेवारी २०१९ नंतर जावा ८ चे नवे अपडेट व्यवसायासाठी ओरॅकलकडून फुकट मिळेनात, तेव्हा जावा कुणाची घ्यायची हाही एक निकष झाला. जावा निवडताना हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. तो विचारायची वेळच आली नव्हती.

लिब फोल्डर. मेव्हन येण्याआधी, अँटच्या काळात, लागणारे सगळे जार या एका फोल्डरात टाकायचे आणि फोल्डर सीव्हीएसमध्ये चढवायचं. कित्येक जारांच्या नावात आवृत्तीचा आकडा नसायचा, कारण आकडा बदलला की बिल्डची फाइल बदलावी लागायची. नुसतं ‘लॉगफोरजे डॉट जार’.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेतलं छिद्र जाहीर झालं. लॉगमध्ये एक विशिष्ट मजकूर लिहवून घेतला की बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. आवृत्ती २.० च्या बीटापासून २.१४.१ पर्यंतचे जार धोक्यात. प्रश्न साधा होता: आपल्याकडे कुठली आवृत्ती आहे? उत्तरासाठी वॉर फाइल झिपसारखी उघडायची, आतलं लिब, त्यातला जार, त्यातलं मेटा-इन्फ, त्यातली मॅनिफेस्ट फाइल, आणि तिच्यात ‘इम्प्लिमेंटेशन-व्हर्जन’ची ओळ. कुठे ती ओळही नसायची. एका जुन्या ॲप्लिकेशनमध्ये १.२ निघालं. ही मालिका २०१५ मध्येच निवृत्त झालेली. तिच्यात तिचे दोष होते, पण हे छिद्र नव्हतं. त्या टीमनं २ वर न जाण्याचं ठरवलं होतं की ते राहूनच गेलं होतं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. कंपन्याच बदलत गेल्या होत्या: पाटणी आयगेट झाली, आयगेट कॅपजेमिनी झाली, टाटा इन्फोटेक टीसीएसमध्ये गेली. अशा प्रत्येक पाटीबदलात शेअर्ड ड्राइव्ह बदलले आणि जुन्या शीट त्यांच्यासोबत गेल्या. कोड मात्र हलला नाही. तो जसाच्या तसा नव्या सर्व्हरवर आला. कारण हरवलं की वस्तू काढायची हिंमत होत नाही, म्हणून वस्तू राहतात.

ॲपलेट. डिजिटल सही करायला लागायचं. क्रोमनं २०१५ मध्ये ते चालवणं बंद केलं, जावा ११ नं २०१८ मध्ये प्लगिनच काढून टाकलं.

जावाएक्स हे पॅकेजचं नाव. एंटरप्राइझ जावा एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली, पण जुनं नाव वापरायची मुभा तिच्यासोबत गेली नाही. २०१८ मध्ये ती जकार्ता झाली आणि डिसेंबर २०२० च्या आवृत्तीत पॅकेजांची नावंही बदलली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला हेच नवं नाव लागतं, शिवाय किमान जावा १७. सध्या आमचं काम हेच आहे: प्रत्येक इम्पोर्टची ओळ बदलायची आणि जे लायब्ररीवाले नव्या नावावर आले नाहीत त्यांना पर्याय शोधायचा.

या कामासाठी माणसं घेताना बायोडेटा येतात. त्यांत अजून ‘जे-टू-ई-ई’ लिहिलेलं असतं, १९९९ चं नाव. पुढे साधनांची लांब यादी. मी यादीतलं एक कुठलंही धरून विचारते, हे का घेतलं होतं? परवा बोरिवलीहून आलेला एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, माझ्या आधीच होतं ते. पण मी क्लायंटच्या जुन्या मेल काढून वाचल्या. त्यांच्या मेनफ्रेमला रांगेतून मेसेज लागायचे, म्हणून एमक्यू. आता मेनफ्रेम नाहीये, तर ते काढता येईल.’ तो सोमवारपासून येतोय.