कर्ण्याची बाजू

कर्णा म्हटलं की सभ्य माणूस आधी कानांवर हात ठेवतो. भल्या पहाटे लग्नघराच्या मांडवावरून आरोळी ठोकणारा, निवडणुकीच्या रिक्षावर बसून साऱ्या गल्लीला दरडावणारा, रात्री दहाला पोलिसांनी गप्प करायचा, तो कर्णा! तेव्हा मी पेणच्या घरी स्वतःच्या हातानं एक कर्णा करणार आहे असं जाहीर केलं, त्या वेळी सौभाग्यवतींनी विचारलेला प्रश्न रास्तच होता. "अहो, या गावात लोक गणपती करतात. तुम्हाला भोंगाच कसा सुचला?"

सुचला तो रोह्याच्या आत्यामुळं. आत्या चौऱ्याऐंशीची. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं तिला आजही खपत नाही. पण अलीकडं तिच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडलं की ती म्हणते, "अरे, आवाज येतो, शब्द येत नाही!" वैद्यकाच्या पुस्तकालाही हे इतकं नेमकं सांगता येणार नाही. म्हातारपणी कानातून आधी जातात ते वरच्या पट्टीतले ध्वनी, आणि 'स', 'त', 'फ' ही मंडळी नेमकी त्याच आळीत राहतात. स्वर उरतात, व्यंजनं विरतात. त्यात रेडिओ मोठा केला की खोली घुमते आणि भिंतींवरून परतलेला आवाज उरल्यासुरल्या व्यंजनांवर पांघरूण घालतो. कानातलं यंत्र तिनं आठवडाभर लावलं नि कपाटात ठेवून दिलं. भांडी फार आदळतात म्हणे त्यात.

साधा स्पीकर म्हणजे थरथरणारी कागदी थाळी. हवा इतकी हलकी, की थाळीनं ढकललं तरी ती बाजूला निसटते. शंभर भाग वीज घालावी, तर आवाज पदरात पडतो जेमतेम एखादा भाग. कर्ण्याच्या बुडाशी असलेल्या युनिटात पडदा रुंद आणि त्याच्या पुढची वाट अरुंद असते. हवेला निसटायला जागाच उरत नाही. ती दबते, पडद्याचा जोर अंगावर घेते, आणि हळूहळू रुंदावणाऱ्या नळीतून तो बाहेरच्या हवेच्या स्वाधीन करते. मग वीस-पंचवीस भागांपर्यंत मजल जाते. शिवाय आवाज चहूकडं उधळला न जाता समोरच जातो. शंख आणि तुतारी हेच तर करतात! १९२६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वेंट आणि थुरस यांनी बोलपटांसाठी असं युनिट घडवलं. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला, त्या काळातले ॲम्प्लिफायर अवघ्या काही वॅटचे असत. थिएटरं भरत ती पडद्यामागच्या कर्ण्यांच्या जिवावर.

युनिट मी लॅमिंग्टन रोडवरून आणलं. कर्ण्याचा आकार कागदावर काढला. नळीचं क्षेत्रफळ दर पावणेपाच सेंटीमीटरला दुप्पट होत गेलं पाहिजे. अडीच सेंटीमीटरच्या गळ्यापासून निघून ३३ सेंटीमीटरांत तोंड साडेसत्तावीसवर येतं. एवढा कर्णा आठशे कंपनांच्या वरचं काम चोख करतो. खालच्या ध्वनींसाठी पेटीत साधा स्पीकर बसवला, कारण पन्नास कंपनांसाठी कर्णा करायचा तर तोंडाचा घेर जवळजवळ सात मीटर हवा. एवढं तोंड आमच्या ओसरीलाही नाही.

पुढचं काम पेण गावानं केलं. शेजारी मूर्तिकार आहेत. त्यांच्या कारखान्यात लाकडी फर्मा फिरवून प्लास्टरचा गाभा काढला, त्याला तेल-साबण चोपडला आणि वर कागदाचा लगदा, डिंक आणि व्हायटिंग यांचे थर चढवले. अगदी गणपतीचं पोट करावं तसे! पत्र्याचा कर्णा स्वतःच टणटणतो, आणि तो टणत्कार शब्दांत मिसळतो. लगद्याचा तसा नादावत नाही. चैत्राच्या उन्हात पंधरा दिवस वाळल्यावर मूर्तिकारांनी बोटाच्या पेरानं टकटक केली आणि म्हणाले, "बद्द वाजतंय, काका. झालं काम." अख्ख्या ध्वनिशास्त्रानं याहून वेगळा निकाल दिला नसता.

कासू, नागोठणे, निडी करीत तो मांडीवर घेऊन मी रोह्याला गेलो. गाडीतल्या एका आजोबांनी बाप्पा समजून फडक्यालाच हात जोडले.

आत्याची नात परदेशी असते. ती फोनवर बोलके निरोप पाठवते. आत्या विचारायची, "काय म्हणाली रे?" आणि आम्ही सांगायचो, "बरी आहे म्हणते." पाच-पाच मिनिटांच्या निरोपाचं आम्ही तीन शब्दांत श्राद्ध घालत होतो. खुर्चीपासून दोन हातांवर, कानाच्या उंचीला कर्णा ठेवला आणि तिचा ताजा निरोप लावला. पोरगी सांगत होती, दिवाळीपूर्वीच हात बसावा म्हणून चकल्या केल्या, तर त्या तेलात विरघळल्या. आत्या ऐकता ऐकता पुढं सरकली आणि म्हणाली, "मोहन जास्त झालं असणार. सांग तिला." मग थांबून, "आणि आवाज जरा कमी कर. ओरडतोस कशाला?"

गेल्या चार वर्षांत त्या घरात कुणी हे वाक्य ऐकलं नव्हतं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आपण आवाज चढवतो आणि मजकूर उतरवतो. "जेवलीस का", "औषध घेतलंस का", संपलं! विचारण्याजोगं, भांडण्याजोगं सारं आपण परस्पर गाळून टाकतो, आणि वर त्याला काळजी म्हणतो. आता आत्या निरोपाला उत्तरं पाठवते. परवा नातीच्या मराठीतल्या तीन चुका तिनं काढल्या. पोरगी रुसली म्हणे. रुसू दे. रुसायला आजी तर मिळाली!

तो गाभा मूर्तिकारांच्या कारखान्यात गणपतींच्या रांगेत उभा आहे. तुमच्या घरी अशी एखादी आत्या असेल, तर रद्दीचा गठ्ठा घेऊन पेणला या. मात्र पावसाळ्याच्या आत या. लगदा वाळायला ऊन लागतं.