अब्बांची पहिली सफ

पाईप रोडच्या मस्जिदीत अब्बांची जागा ठरलेली होती. पहिली सफ, उजवीकडची भिंत. गेल्या वर्षी रमजाननंतर ते मागच्या सफमध्ये दिसू लागले, मग दाराजवळ, आणि शेवटी घरातच नमाज अदा करू लागले. विचारलं तर म्हणायचे, "गुडघे दुखतात." रात्री चार-पाच वेळा ते उठायचे, तेव्हा अम्मी म्हणायची, "वय झालं त्यांचं."

खरं कारण लघवी पूर्ण अडली त्या रात्री कळलं. पोट फुगलेलं, अंग घामानं भिजलेलं. रिक्षात घालून जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. नळी घातल्यावर पिशवीत लिटरभर लघवी जमा झाली. वेदना थांबल्या आणि मग अब्बा रडले. "वजू टिकत नव्हता रे. थेंब गळायचे. कुणाला सांगणार?"

दोन दिवसांनी युरॉलॉजिस्टकडे गेलो. दारावरच्या पाटीवर एमबीबीएस, एमएस, एमसीएच अशी अक्षरं होती. मी अर्थ विचारला. डॉक्टरांनी हिशेब सांगितला: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, सर्जरीची तीन, मग फक्त मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांची तीन. "साडेअकरा वर्षं शिकून मी इथे बसलो, आणि तुम्ही दोन वर्षं घरी बसलात!" अब्बा पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावून अब्बांचं सगळं ऐकून घेतलं. पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी अक्रोडाएवढी असते. वयाबरोबर वाढते आणि लघवीची नळी आवळते. सोनोग्राफी झाली, पीएसए ही रक्ताची तपासणी झाली. कॅन्सरची शंका उरली नाही, अलहम्दुलिल्लाह. आधी गोळ्या दिल्या. नळी काढली, पण लघवी पुन्हा अडली. तेव्हा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. कमरेखालचा भाग बधिर करून, लघवीच्या मार्गानेच. पोटावर एकही टाका नाही.

तिथे बसून मलाही कळलं की किडनीचं काम मंदावलं, डायलिसिसची वेळ आली तर नेफ्रॉलॉजिस्ट. खडा, प्रोस्टेट, मूत्राशय, नळीतला अडथळा यांसाठी युरॉलॉजिस्ट. रांगेत बायकाही होत्या. खोकताना लघवी निसटते, हे आपल्या घरांतल्या किती अम्मी, खाला कुणाला सांगतात? हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-झहरावींनी आपल्या ग्रंथात मूतखडा काढण्याच्या रीती लिहून ठेवल्या. त्यांना लिहिताना लाज वाटली नाही. आपल्याला बोलताना वाटते.

घरी आल्यावर इमामसाहेब भेटायला आले. अब्बांनी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "सतत थेंब गळत असतील तर प्रत्येक नमाजच्या वेळी ताजा वजू करा आणि नमाज अदा करा. दीनमध्ये आजाऱ्याला सवलत आहे. चाचा, तेव्हाच विचारलं असतं तर!"

डॉक्टर आणि इमाम, दोघंही घरापासून दहा मिनिटांवर होते. अब्बांनी दोघांनाही विचारलं नव्हतं. आणि आम्ही? "वय झालं" म्हणून मोकळे झालो होतो.

आता अब्बा पुन्हा पहिल्या सफमध्ये असतात. इशानंतर चपला घालताना शेजारच्या म्हाताऱ्यांना हळूच विचारतात, "रात्री किती वेळा उठता?" उत्तर तीनच्या वर गेलं, की खिशातून डॉक्टरांचं कार्ड काढतात.