तळेगाव दाभाडे : विहाराच्या वाटेवरचे गाव

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते, बेगडेवाडी आणि घोरावाडी ही लहान स्थानके मागे टाकते आणि तळेगावला थांबते. पुण्यापासून हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. सायंकाळच्या गाडीतून उतरणाऱ्यांत पाठीवर संगणकाची पिशवी लावलेले तरुण असतात, कारखान्याच्या गणवेशातील कामगार असतात आणि पुण्याच्या घाऊक बाजारातून नमुन्याच्या पुड्या घेऊन परतणारे एखादे वृद्ध व्यापारीही असतात. स्थानकाबाहेर पडताच हवेतील फरक जाणवतो. शहराची धग मागे राहिलेली असते आणि मावळच्या डोंगरांकडून येणारा वारा अंगाला लागतो. याच हवेसाठी एके काळी मुंबई-पुण्याची माणसे प्रकृती सुधारण्यास येथे येऊन राहत असत.

तळेगावचे दोन भाग आहेत आणि येथील माणूस बोलताना ते आवर्जून वेगळे करतो. एक ‘गाव’ आणि दुसरा ‘स्टेशन’. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा रेल्वे गावापासून काहीशी दूर राहिली. पुढे स्थानकाभोवती बंगले उठले, वसाहती झाल्या. गाव मात्र तळ्याच्या, वाड्यांच्या आणि देवळांच्या सोबतीने आपल्या जागी राहिले.

गावाच्या नावातील ‘दाभाडे’ हे मराठ्यांच्या सेनापती घराण्याचे नाव. छत्रपती शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे यांना सेनापतिपद दिले. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना मारले गेले. पतीनंतर पुत्रही गेला. धाकटे यशवंतराव यांच्याकडे सेनापतिपद आले, तरी ते अल्पवयीन असल्यामुळे प्रत्यक्ष कारभार मातोश्री उमाबाईंच्या हाती राहिला. शाहू महाराजांनी स्वतः तळेगावी येऊन त्यांचे सांत्वन केले आणि पेशव्यांशी त्यांचा समेट घडवून आणण्याचा प्रयत्न केला. बनेश्वराच्या शांत आवारात आज या घराण्याच्या स्मृती जपल्या आहेत.

१७७९ च्या जानेवारीत मुंबईहून पुण्यावर चालून आलेले इंग्रज सैन्य तळेगावपर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांच्या हाती काहीच लागले नाही. दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी गाव आधीच रिकामे करून जाळले होते. इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलून रातोरात माघार घेतली आणि पुढे वडगाव येथे त्यांना तह करावा लागला. शाळेच्या पुस्तकात हा विजय दोन ओळींत संपतो. त्या विजयासाठी ज्यांची घरे, कोठारे आणि दुकाने जळाली, त्यांची मोजदाद मात्र कोणत्या वहीत झाली असेल, हा विचार व्यापारी मनाला सहज शिवून जातो.

पैशाची गोष्ट

व्यापारी कुटुंबांनी आपल्या मुलांना सांगावी अशी तळेगावची आणखी एक कथा आहे, ती पैसा फंडाची. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी कल्पना मांडली : प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा. त्या काळी एका रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे वर्षाअखेर एक रुपया जमवायचा तर ६४ माणसांच्या दारी जावे लागे, आणि एक लाख माणसांनी पैसा दिला तरी हाती येत अवघे १,५६२ रुपये आणि आठ आणे. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार वेडगळ ठरला असता. परंतु लोकमान्य टिळकांसारख्यांनी या कल्पनेमागे बळ उभे केले आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. येथे काचकाम शिकलेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणी गेले.

त्याच सुमारास प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांचे राष्ट्रीय शिक्षण देणारे समर्थ विद्यालय तळेगावी आले. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. तरीही शिक्षणाची ओढ गावातून गेली नाही. पुढे ‘गोनीदा’ म्हणून महाराष्ट्राला प्रिय झालेले गो. नी. दांडेकर येथेच स्थिरावले. सभोवतालचे गड आणि पवनेचे खोरे त्यांच्या लेखनात उतरले, त्यामागे तळेगावच्या वास्तव्याचा वाटा मोठा आहे.

प्राचीन वाट

जैन वाचकाला मावळाशी जोडणारा धागा याहूनही जुना आहे. तळेगावच्या पुढे वडगाव आणि कान्हे ओलांडल्यावर कामशेत लागते. त्या परिसरातील पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेखाचा आरंभ अरिहंतांना नमस्कार करून होतो. इंद्ररक्षित नावाच्या श्रमणाने आपल्या सहकाऱ्यांसह हे लेणे आणि पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाके, करविले, अशी त्यात नोंद आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी हा लेख अभ्यासून प्रसिद्ध केला. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वीचा मानतात. महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या अगदी आरंभीच्या पुराव्यांत त्याची गणना होते.

कोकणातील बंदरांकडून घाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग याच मुलखातून जात असे. कार्ले, भाजे, बेडसे ही बौद्ध लेणी त्याच वाटेवरची आणि तेथील दानलेखांतही श्रेष्ठी व व्यापारी भेटतात. जेथून मालाचे बैल गेले, तेथूनच श्रमणांची पावले गेली. श्रमणाला डोंगरात निवारा आणि पाणी लागते, तसे दिवसातून एकदा तरी गृहस्थाचे दारही लागते. इंद्ररक्षितांच्या काळी त्या परिसरात कोणाची तरी चूल पेटत होती, म्हणूनच ते लेणे राहते राहिले असणार.

आजही चातुर्मासाखेरीजच्या आठ महिन्यांत मुंबईहून पुण्याकडे विहार करणारे साधू-साध्वी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळा, कामशेत, वडगाव असे टप्पे घेत तळेगावी येतात. मोटारीला जे अंतर तासाभराचे, ते अनवाणी पावलांना दोन-तीन दिवसांचे. म्हणूनच ‘पुण्याच्या अलीकडचे एक उपनगर’ हे तळेगावचे वर्णन मोटारीतून जाणाऱ्याचे झाले. चालणाऱ्याच्या दृष्टीने तळेगाव हा मुक्काम आहे.

पेठेतले घर

मारवाड आणि गुजरातेतून आलेल्या जैन कुटुंबांनी मावळच्या गावोगावी दुकाने मांडली, त्यांतील काही तळेगावात स्थिरावली. भात, किराणा, कापड आणि सोनेचांदी हे त्यांचे व्यवहार. वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने येथील तांदळाला पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत नाव मिळवून दिले आणि धान्याच्या दुकानांना बरकत आली. खाली दुकान, मागे कोठार, वर घर, ही रचना सर्वांची सारखीच.

जुन्या बाजारपेठेत असेच एक दुकान आहे. गादीवर बसणाऱ्या गृहस्थांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. त्यांच्या आजोबांनी थाटलेला हा व्यवसाय. आसपासच्या वाड्यांतील शेतकरी अजूनही भात लावणीच्या आधी येऊन म्हणतात, “शेठ, सुगीला देतो,” आणि वहीत नाव चढते. परंतु अशी नावे आता मोजकीच उरली आहेत. महामार्गालगत मोठी दालने आली, दारात सामान पोहोचविणारी मुले आली. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. स्टेशन भागात बाराव्या मजल्यावर त्याने सदनिका नोंदविली आहे आणि पेठेतील जागेसाठी एका विकासकाने कराराचा मसुदा पाठविला आहे. रक्कम चांगली आहे. व्यवहार म्हणून पाहिले तर नाकारण्याजोगे त्यात काहीच नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी घरात याविषयी बोलणे झाले. शेठजींनी रकमेविषयी शब्द काढला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पेठेतली दोन घरं आधीच बंद झाली. आपलंही झालं, तर महाराजसाहेब गोचरीला कुठे जातील?”

मुलाचे उत्तर अगदी रास्त होते. “पप्पा, स्थानक तर राहणारच आहे. आपण एक स्वयंपाकी ठेवू. विहाराचा निरोप आला, की तो येऊन रसोई करील. खर्च मी देतो.”

यावर सून थांबून म्हणाली, “पण मग तो आहार त्यांच्यासाठीच केलेला होईल ना? सूझता कसा होईल?”

क्षणभर कोणीच बोलले नाही. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती मोठ्या शहरातून या घरात आली, तेव्हा चौकात पाण्याचा निचरा कसा होतो हेही तिला ठाऊक नव्हते. मात्र गोचरीच्या ४२ दोषांची शिकवण तिने लहानपणी पाठशाळेत मन लावून घेतली होती. साधूंसाठी मुद्दाम शिजविलेले अन्न आधाकर्मी ठरते, ते त्यांना घेता येत नाही. गृहस्थाने स्वतःसाठी केलेल्या रसोईतून, त्याच्या पोटाला तोटा न पडेल इतके थोडे थोडे घ्यायचे, हा गोचरीचा अर्थ. म्हणजे भाडोत्री चूल चालत नाही. तेथे कोणीतरी राहत असले पाहिजे, रोज जेवत असले पाहिजे. सूर्योदयानंतर पाणी उकळले जात असले पाहिजे, ते घरच्यांनीही प्यायले पाहिजे. एका घरावर भार येऊ नये, म्हणून अशी घरे एकाहून अधिक आणि चालत जाण्याच्या अंतरावर हवीत. ट्रस्टला इमारत बांधता येते, देणगीदारांच्या नावाच्या पाट्या लावता येतात. नांदते घर मात्र देणगीतून उभे राहत नाही.

हा प्रश्न एका कुटुंबाचा नाही. पुण्याभोवतीच्या आणि मुंबईभोवतीच्या कितीतरी गावांतील पेठा अशाच रिकाम्या होत आहेत. नव्या संकुलांत फाटकावर नोंदवही असते आणि वर जाण्यास उद्वाहक असतो. तेथील कुटुंबांची श्रद्धा कमी आहे असे मुळीच नाही. ती माणसे सुट्टीच्या दिवशी गाडी काढून दर्शनाला जातात, भरघोस दानही देतात. परंतु अनवाणी आलेल्या थकल्या पावलांना बारा मजले चढून जाणे कितीसे शक्य आहे? मुलांचाही यात दोष काढता येणार नाही. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, त्यानंतर द्रुतगती महामार्ग आला, कारखाने आले. या सर्वांनी तळेगावच्या तरुणांना गाव न सोडता नोकरी करण्याची संधी दिली. २०११ च्या जनगणनेत छप्पन्न हजारांच्या घरात असलेली वस्ती त्यानंतर वाढतच गेली आहे. गाव ओस पडलेले नाही. माणसे पेठेतून उठून गावाच्या कडेला गेली आहेत, इतकेच.

पैसा फंडाची गोष्ट येथे पुन्हा आठवते. त्या फंडात एका धनिकाने लाख रुपये टाकावेत अशी अपेक्षा नव्हती. लाख माणसांनी आपापला पैसा द्यावा, ही होती. वैयावच्चाचेही तसेच आहे. एका घराने सारे पेलण्यापेक्षा दहा घरांनी एकेक पोळी आणि तांब्याभर पाणी द्यावे, यातच त्या आचाराची योजना आहे. दहांची पाच झाली, पाचांची दोन झाली, की उरलेल्यांचा भाव कितीही शुद्ध असला तरी हिशेब जुळत नाही.

पेठेतील त्या घराचा निर्णय अद्याप झालेला नाही. मुलाने विकासकाकडून थोडी मुदत मागून घेतली आहे. जागा विकण्याऐवजी दुकानाचा अर्धा भाग भाड्याने द्यावा आणि वरचे घर दुरुस्त करून तेथेच राहावे, असा एक विचार सुनेने मांडला आहे. त्यात उत्पन्न कमी आणि खर्च अधिक आहे. बाराव्या मजल्यावरच्या सदनिकेचे हप्ते तर चालूच राहतील. कागदावर आकडे मांडून पाहिले, तेव्हा शेठजींनीच तोट्याची बाजू आधी मुलासमोर ठेवली. आपल्या इच्छेपोटी मुलाने कर्जात राहावे, हे त्यांनाही मान्य नाही. मसुदा गल्ल्यातील वहीखाली तसाच आहे. सही झालेली नाही.

कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली. चातुर्मास संपला आणि विहार सुरू झाले. थंडीत तळेगावची सकाळ उशिरा उजाडते, तळ्यावरचे धुके हटण्यास वेळ लागतो. सूर्य वर आल्यावर पेठेतील त्या घरात नित्याप्रमाणे पाण्याचे पातेले चुलीवर चढते. उकळलेले पाणी सून परातीत ओतून निवत ठेवते. नवकारसी झाल्यावर घरातील सर्वजण तेच पाणी घेतात. कोणी येणार असल्याचा निरोप असो वा नसो, दाराची एक फळी मात्र उघडी ठेवलेली असते.