फळीची पाठ

‘मोनालिसा’च्या डोक्यावर, वरच्या कडेपासून केसांपर्यंत उतरलेली सुमारे ११ सेंटीमीटरची भेग आहे. पॉप्लरची ती फळी जेमतेम १३ मिलिमीटर जाड. भेग वाढू नये म्हणून तिच्या पाठीत अक्रोडाच्या, फुलपाखराच्या आकाराच्या दोन पट्ट्या बसवल्या गेल्या. त्यातली एक आज जागेवर नाही. लूव्र संग्रहालयात आता ही फळी ओकच्या लवचीक चौकटीत धरलेली आहे, आवळलेली नाही.

लाकूड कापलं, रंधलं, तरी हवेतला ओलावा घेणं-सोडणं थांबवत नाही. लाकडाच्या उभ्या रेषांच्या लांबीत ते जवळपास हलतच नाही; रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. युरोपातल्या जुन्या दुरुस्तीकारांनी बाक काढण्यासाठी चित्रांच्या फळ्या मागून तासून पातळ केल्या आणि त्यांवर लाकडी जाळी बसवली. जाळीतल्या आडव्या पट्ट्या सरकत्या असत. पुढे त्या अडकल्या, फळीला हलायला जागा उरली नाही आणि कित्येक चित्रं तडकली. चित्र सपाटच दिसायला हवं, या हट्टाची ही फार मोठी किंमत.

इटालियन चित्रकार जॉर्जो वसारीचं १५४६ मधलं ‘लास्ट सपर’ ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात फ्लोरेन्समध्ये बारा तासांहून जास्त वेळ बुडून राहिलं. पाणी ओसरल्यावर दुसरं संकट आलं. वाळताना पॉप्लरच्या फळ्या आकसल्या, वरच्या रंगाला मात्र पूर्वीइतकीच जागा हवी होती. घाईनं चिकटवलेल्या कागदांनी रंग कसाबसा धरून ठेवला. दुरुस्त होऊन ते तिथल्या सांता क्रोचे चर्चच्या संग्रहालयात परतायला २०१६ उजाडलं.

आजच्या चित्रकाराचं काम त्या मानानं सोपं आहे. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असतात, दाबलेल्या लाकडी तंतूंच्या एमडीएफला तर रेषाच नसतात. त्यामुळे भरीव फळीला जे घातक, ते इथे चालतं: मागची चौकट थेट सरसानं किंवा लाकडाच्या गोंदानं चिकटवता येते. फक्त पट्ट्या सुक्या आणि सरळ हव्यात. चौकटीला पीळ असला तर तो बोर्डात उतरतोच. म्हणून सपाट टेबलावर, वजनाखाली रात्रभर ठेवावं. मोठ्या बोर्डाला मधे एक आडवी पट्टी द्यावी. स्क्रू टाळलेलेच बरे, त्यांचा उंचवटा पुढे उमटू शकतो.

बाक येतो तो बहुधा एकाच बाजूला रंगवल्यामुळे. पुढून बंद, मागून उघडा असा बोर्ड ओलावा पाठीनंच पितो. पाठीला आणि कडांनाही सीलरचे हात हवेत. एमडीएफच्या कडा तर सगळ्यात आधी फुगतात. पुढच्या बाजूला सीलर नसेल, तर लाकडातला पिवळट डाग अ‍ॅक्रिलिक जेसोतून, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तरातून, वर येऊ शकतो.

मग जेसोचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक आधीच्याला आडवा, मधे बारीक पॉलिश पेपर. तैलरंगाआधी निदान तीन दिवस थांबावं. कोकणातल्या आषाढात त्याहून जास्त.